व्हिडिओ कोण उलगडतंय? हार्डवेअर डिकोडिंगचा खटका चालू ठेवावा की बंद

मागच्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका काकांनी मला घरी बोलावलं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत, पण कुस्तीचं वेड तालमीत जात होते तेव्हाचंच. टेबलावर लॅपटॉप होता आणि त्यावर यूट्यूबला एका मैदानाची कुस्ती लागली होती. पैलवान पट काढायला खाली वाकला आणि चित्र तिथंच अडलं. हलगी वाजत राहिली, लोक ओरडले. चित्र पुन्हा हललं तेव्हा कुस्ती निकाली होऊन हरलेला पैलवान अंगावरची तांबडी माती झाडत होता. डाव काही दिसलाच नाही. लॅपटॉपचा पंखा मात्र असा घोंघावत होता की समालोचकाचं बोलणं नीट ऐकू येईना.

"नेट फास्टचं घेतलं," काका म्हणाले. "महिन्याला दोनशे रुपये जादा जातात. तरी हे असंच. आणि हे बघ की." त्यांनी खिशातला मोबाइल काढून तीच कुस्ती त्यावर लावली. "ह्याच्यावर कसं लोण्यासारखं चालतंय! पंधरा हजारांचा मोबाइल दमत नाही आणि हा एवढा मोठा लॅपटॉप धापा का टाकतोय?"

प्रश्न नेमका होता. नेट दोन्हीकडं एकच, व्हिडिओ एकच, आणि ताकद बघितली तर लॅपटॉप काही कमी नाही. मग फरक कुठं? तो नेटमध्ये नव्हताच. आलेला व्हिडिओ उलगडायचं काम कोण करतंय, यात होता. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर डिकोडिंग' किंवा 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' असा एक खटका दिसतो, तो याच कामाचा आहे. तो चालू ठेवावा की बंद, हे मला दुकानात आठवड्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतं. एका शब्दात सांगायचं तर चालू ठेवा. पण नुसतं चालू करून भागत नाही, आणि काही वेळा बंद करणंच शहाणपणाचं असतं. ते कधी, हे समजायला थोडं आत जावं लागेल.

गुंडाळलेलं चित्र

व्हिडिओ म्हणजे भराभर बदलणारी स्थिर चित्रं. फुल एचडीच्या एका चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन बाइट धरले तर एका चित्राला ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रं धरली तर झाले साडेपंधरा कोटी बाइट, म्हणजे १५५ एमबी. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असेल तर दहा सेकंदांत ते खलास झालं असतं.

तसं होत नाही, कारण व्हिडिओ गुंडाळून पाठवतात. तोच फुल एचडी व्हिडिओ सेकंदाला ५ मेगाबिट, म्हणजे ६२५ केबी एवढ्यात येऊ शकतो. मूळ आकाराच्या जवळजवळ अडीचशेवा भाग.

गुंडाळायची युक्ती खासबाग मैदानातल्या कुस्तीवरून लगेच कळते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान, मधे तांबड्या मातीचा हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. कॅमेरा एका जागी ठेवला असेल तर या चित्रातून पुढच्या चित्रात काय बदलतं? दोन पैलवान आणि पंच. माती तीच, कडेचा कठडा तोच. मग प्रत्येक वेळी मातीचे लाखो ठिपके नव्यानं कशाला पाठवायचे? म्हणून अधूनमधून एक चित्र पूर्ण पाठवतात आणि त्याच्या पुढच्या चित्रांसाठी फक्त सूचना पाठवतात. हा चौकोन मागच्या चित्रातून जसाच्या तसा उचल. हा चौकोन उचल, पण सहा ठिपके उजवीकडं सरकव. इथं खांद्यावर उजेड पडलाय, तेवढा फरक मिळव. शिवाय माणसाचा डोळा उजेड-अंधार बारकाईनं टिपतो, रंगाच्या बाबतीत तेवढा तीक्ष्ण नसतो. म्हणून रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एकदाच पाठवतात.

या सगळ्या सूचना मग आणखी दाबून एका सलग ओळीत भरतात. ती ओळ मोडी लिपीसारखी असते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, हात न उचलता ओळ पुढं जाते. वाचणाऱ्याला मागचं लागलं तरच पुढचं लागतं, मधूनच वाचायला सुरुवात करता येत नाही. व्हिडिओचंही असंच आहे, आणि ही गोष्ट लक्षात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

गुंडाळायच्या आणि उलगडायच्या ठरीव पद्धतीला कोडेक म्हणतात. सध्या चार नावं वारंवार भेटतात. २००३ सालचं एच.२६४, जे जवळजवळ सगळीकडं चालतं. २०१३ मधलं एच.२६५, त्यालाच एचईव्हीसी म्हणतात. आयफोनचा कॅमेरा आणि नवे सीसीटीव्ही बहुतेक हेच वापरतात. त्याच वर्षी आलेलं गूगलचं व्हीपी९, यूट्यूबवर भरपूर. आणि २०१८ मधलं एव्ही१. जितकं नवं कोडेक तितकं गुंडाळणं घट्ट, म्हणजे डेटा कमी. पण घट्ट बांधलेलं गाठोडं सोडायला कष्टही जास्त पडतात. सेकंदाला ६० चित्रांचा व्हिडिओ असेल तर एक चित्र उलगडायला सेकंदाचा साठावा भाग, १७ मिलिसेकंद सुद्धा पुरते मिळत नाहीत. तेवढ्यात जमलं नाही तर ते चित्र टाकून पुढं जावं लागतं. काकांचा पट असाच टाकला गेला होता.

मिक्सर आणि कांडप

आता हे उलगडायचं काम कॉम्प्युटरमध्ये दोन ठिकाणी होऊ शकतं.

कोल्हापुरात एप्रिल-मे आला की घरोघरी चटणीची तयारी सुरू होते. मिरच्या आणायच्या, देठं खुडायची, गच्चीवर वाळवायच्या, मसाला तळायचा आणि सगळं डब्यात भरून कांडपाला न्यायचं. घरात मिक्सर नाही का? आहे. मिक्सर वाटण करतो, खोबरं करतो, शेंगदाण्याचं कूट करतो, ताक घुसळतो, जे टाकाल ते करतो. पण पाच किलो मिरची मिक्सरमध्ये काढायला बसलात तर भांडं तापतं, मोटरचा वास यायला लागतो, दिवस जातो, आणि तेवढा वेळ मिक्सर दुसऱ्या कशाला मोकळा राहत नाही. कांडपावर मात्र लोखंडी मुसळं एका लयीत वर-खाली होतात आणि तुमचा डबा बघता बघता होऊन जातो. फक्त ते मशीन कांडण्याशिवाय काही करत नाही. त्यात ताक घुसळता येणार नाही.

सीपीयू, म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर, हा मिक्सर. त्याला कुठल्याही कोडेकचा प्रोग्राम द्या, तो उलगडेल. याला सॉफ्टवेअर डिकोडिंग म्हणतात. कांडपासारखं दुसरं ठिकाण म्हणजे चिपवर फक्त व्हिडिओ उलगडण्यासाठी कोरलेला एक छोटा कोपरा. तिथं प्रोग्राम वाचून एकेक पायरी करण्याची भानगड नसते, पायऱ्या तारांसारख्या आतच जोडलेल्या असतात. म्हणून तेच काम तो सीपीयूच्या अगदी थोड्या विजेत करतो. हे झालं हार्डवेअर डिकोडिंग.

इथं एक गैरसमज खोडून काढतो, कारण त्यापायी लोक खरोखर पैसे घालवतात. 'व्हिडिओ ग्राफिक्स कार्डवर चालतो' असं ऐकलं की वाटतं, गेम खेळायचं दणकट कार्ड घेतलं की व्हिडिओ आपोआप सुसाट. तसं नाही. गेमची चित्रं काढणारे कार्डातले शेकडो-हजारो छोटे गणकच व्हिडिओ उलगडतात असं नाही. मघाची मोडीची ओळ आठवा. मागचं लागल्याशिवाय पुढचं लागत नाही, म्हणून ती ओळ हजार जणांत वाटून देता येत नाही. तिथं एकच, पण पटाईत वाचणारा लागतो. म्हणून कार्डात किंवा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये त्यासाठी वेगळा भाग बसवलेला असतो. इंटेलनं २०११ पासून 'क्विक सिंक' या नावानं तो प्रोसेसरमध्येच द्यायला सुरुवात केली. एनव्हिडियाचा तो 'एनव्हीडेक', एएमडीचा 'व्हीसीएन'. तुमच्याकडं वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी हा भाग बहुधा असतोच.

आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. मोबाइलमध्ये हा भाग असतोच असतो, आणि त्याचा खटका सहसा वापरणाऱ्याच्या हातात दिलेलाच नसतो. तो नसता तर सिनेमा संपायच्या आत बॅटरी संपली असती.

कुठल्या पिढीला काय येतं

कांडपाची मर्यादा या चिपच्या कोपऱ्यालाही लागू आहे. जे कोडेक त्यात कोरलं आहे तेवढंच तो उलगडतो. २०१४ च्या चिपला २०१८ चं एव्ही१ शिकवता येत नाही, कितीही अपडेट टाका.

इंटेलचं सांगायचं तर एच.२६४ सगळ्यांना येतं. एचईव्हीसीची साधी, ८ बिटची जात (रंगाची एकेक किंमत ८ बिटांत लिहिणारी) सहाव्या पिढीपासून. एचईव्हीसीची १० बिटची जात आणि व्हीपी९ हे दोन्ही पूर्णपणे सातव्या पिढीपासून. एव्ही१ अकराव्या पिढीपासून. पिढी ओळखणं सोपं आहे: आय५-४२१० असेल तर चौथी, आय५-७२०० असेल तर सातवी, आय५-११३५ असेल तर अकरावी. एनव्हिडियात एव्ही१ उलगडणं आरटीएक्स ३० मालिकेपासून आलं, एएमडीच्या लॅपटॉप प्रोसेसरांत रायझन ६००० मालिकेपासून, अ‍ॅपलच्या मॅकमध्ये एम३ पासून. नवं म्हणजे सगळं आलंच असंही धरू नका. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड २०२२ मध्ये आलं आणि त्यात एव्ही१ उलगडायची सोय नाही.

लक्ष्मीपुरी-शाहूपुरीत जुना लॅपटॉप बघायला जाणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. रॅम आणि एसएसडी बहुतेक जण विचारतात, पिढी विचारणारे कमी. सहावी आणि सातवी पिढी किमतीत फार लांब नसतात, पण दिवसभर यूट्यूबवर लेक्चर बघणाऱ्या पोराला त्यातला फरक पंख्याच्या आवाजावरून आणि बॅटरीवरून रोज जाणवतो. रॅम पुढं वाढवता येते. व्हिडिओचा हा कोपरा बदलता येत नाही.

काकांचा लॅपटॉप

त्यांचा चौथ्या पिढीचा आय५ होता. मी आधी क्रोमच्या सेटिंगमध्ये गेलो. 'सिस्टीम' या भागात 'यूज ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल' हा खटका बंद दिसला. पुतण्यानं कुठंतरी वाचून बंद केला होता, 'बंद केला की व्हिडिओ चांगला चालतो' म्हणून. मी चालू केला, क्रोम बंद करून पुन्हा उघडलं, कुस्ती लावली. पंखा तसाच, चित्र तसंच अडखळत.

काका माझ्याकडं बघत होते. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू नव्वदच्या वर. डावीकडं जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवर क्लिक केलं, तिथं चार-पाच छोटे आलेख दिसतात. त्यातल्या 'व्हिडिओ डिकोड' नावाच्या आलेखाची रेघ तळाला सपाट पडलेली. म्हणजे खटका चालू आहे, पण कांडपावर काहीच गेलेलं नाही, सगळं मिक्सरमध्येच चाललंय.

मग व्हिडिओवर उजवं बटण दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडलं. कोपऱ्यात काळी चौकट येते, त्यात 'कोडेक्स' नावाची ओळ असते. तिथं व्हीपी०९ लिहिलेलं. आणि त्याच चौकटीत 'ड्रॉप्ड' हा आकडा, म्हणजे टाकून दिलेली चित्रं, दर सेकंदाला वाढत होता.

आता गाठ सुटली. यूट्यूब व्हीपी९ पाठवत होतं. काकांच्या चिपला व्हीपी९ च्या नावाचं स्वतंत्र कांडप नाही, एच.२६४ चं मात्र आहे. ब्राउझरला व्हीपी९ येतं, कारण तो सीपीयूवर ते उलगडू शकतो, म्हणून त्यानं 'चालेल' म्हणून सांगितलं आणि यूट्यूबनं पाठवलं. यात चूक कुणाचीच नव्हती, पण भार पडला सीपीयूवर.

मी क्रोममध्ये 'एच२६४इफाय' नावाचं छोटं एक्स्टेन्शन टाकलं. ते यूट्यूबला सांगतं की आम्हाला एच.२६४ च द्या. पान पुन्हा उघडलं. चौकटीत आता एव्हीसी१ आलं, हे एच.२६४ चं दुसरं नाव. 'व्हिडिओ डिकोड'ची सपाट रेघ उठून उभी राहिली, सीपीयू विशीत आला, ड्रॉप्डचा आकडा जागेवर थांबला. पंखा लगेच गप्प बसला नाही, लॅपटॉप तापलेला होता. पाचेक मिनिटांनी आवाज उतरत गेला. काकांनी कुस्ती मागं घेतली आणि तो पट पुन्हा पाहिला. "आत्ता कळलं," ते म्हणाले, "डावा पाय काढलाय."

या उपायाला एक मर्यादा आहे. यूट्यूब एच.२६४ मध्ये साधारण फुल एचडीपर्यंतच देतं, त्यापुढचं ४के नाही. काकांचा पडदा फुल एचडीसुद्धा नव्हता, त्यामुळं त्यांचं काही अडलं नाही. नेटचा वाढवलेला प्लॅन त्यांनी पुढच्या महिन्यात परत कमी केला.

तुमच्या कॉम्प्युटरवरही हेच करून बघा, एवढं माझं मनापासून सांगणं आहे. तीन गोष्टी बघायच्या: कोडेक कुठलं येतंय, व्हिडिओ डिकोडचा आलेख हलतोय का, आणि चित्रं टाकली जातायत का. दोन मिनिटांचं काम आहे. काही एएमडी मशीनवर त्या आलेखाचं नाव 'व्हिडिओ कोडेक' असं असतं. आणखी खोलात जायचं असेल तर क्रोमच्या पत्त्याच्या जागी इंग्रजीत क्रोम, मग कोलन, दोन तिरप्या रेघा आणि जीपीयू असं टाइप करा. लांबलचक पान उघडेल. त्यात 'व्हिडिओ अ‍ॅक्सिलरेशन इन्फर्मेशन'खाली तुमच्या चिपला कुठली कोडेक येतात त्याची यादीच असते. चित्र अडखळतंय आणि टाकलेली चित्रं मात्र शून्य, असं दिसलं तर दोष खरोखरच नेटचा असण्याची शक्यता जास्त.

चित्र खराब होतं का?

'हार्डवेअरनं उलगडलं की क्वालिटी जाते' हे मी फार ठिकाणी ऐकलंय. याचं मूळ दुसरीकडं आहे. व्हिडिओ गुंडाळताना, म्हणजे एनकोडिंग करताना, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांच्यात फरक पडतो हे खरं, कारण काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे तिथं ठरवावं लागतं. उलगडताना ठरवायचं काहीच नसतं. एच.२६४ आणि त्यानंतरच्या या कोडेकांत आकडेमोड शेवटच्या बिटापर्यंत नेमून दिलेली आहे. सात आठे छप्पन्न, पाढ्यानं करा नाहीतर कॅल्क्युलेटरवर, छप्पन्नच.

मग कधीकधी रंग फिके किंवा काळा भाग राखाडी का दिसतो? उलगडून झाल्यावर ते चित्र पडद्याच्या रंगांत बदलताना ड्रायव्हर एखादी गफलत करतो. व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला बहुधा १६ ते २३५ असा धरलेला असतो, पडद्याचा ० ते २५५. ही जुळणी चुकली की काळं काळं दिसत नाही. ते ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगांचा पल्ला बदलून सुधारतं.

बंद कधी करायचं

व्हिडिओ सुरू केला की हिरवे-गुलाबी पट्टे येतात. आवाज येतो, पडदा काळा. चित्र लुकलुकतं. किंवा व्हिडिओ लावला की कॉम्प्युटरच अडकतो. विशेषतः हे सगळं एखादा अपडेट झाल्यानंतर सुरू झालं असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा, म्हणजे ग्राफिक्सची चिप आणि विंडोज यांच्यातल्या दुभाष्यावर. अशा वेळी खटका बंद करून बघणं ही उत्तम परीक्षा आहे. बंद केल्यावर दोष गेला तर कारण सापडलं. पण तिथंच थांबू नका. लॅपटॉप किंवा चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाका आणि पुन्हा चालू करून बघा.

बंद करण्याआधी एक मधला मार्गही आहे. व्हीएलसी प्लेअरमध्ये टूल्स, मग प्रेफरन्सेस, मग 'इनपुट / कोडेक्स' या ठिकाणी हार्डवेअर डिकोडिंगची यादी उघडते. त्यात डायरेक्ट३डी११ आणि डीएक्सव्हीए असे वेगवेगळे रस्ते दिसतात. एकावरून चित्र नीट येत नसेल तर दुसऱ्यावरून येऊ शकतं. २०१८ मधल्या ३.० आवृत्तीपासून व्हीएलसी हा खटका आपोआप चालू ठेवतं, त्यामुळं तुम्ही कधीच हात लावला नसेल तर तो चालूच असणार.

क्रोमबद्दल एक सावधगिरी. तिथला खटका फक्त व्हिडिओचा नाही, पानं रंगवण्याचं ग्राफिक्सचं सगळं काम त्यात येतं. व्हिडिओसाठी म्हणून तो बंद केलात तर पान वर-खाली सरकवणंही जड होऊ शकतं. फक्त व्हिडिओचं बंद करायचं असेल तर क्रोमच्या 'फ्लॅग्ज' पानावर 'हार्डवेअर-अ‍ॅक्सिलरेटेड व्हिडिओ डिकोड' असा वेगळा पर्याय मिळतो.

खराब झालेल्या फाइलीही सॉफ्टवेअरकडंच द्याव्यात. एका ताईंनी वडिलांच्या एकसष्टीचं जुनं चित्रीकरण आणलं होतं. मेमरी कार्ड बिघडलेलं, मधले तुकडे गेलेले. हार्डवेअरनं लावलं की दहाव्या मिनिटाला पडदा हिरवा पडे आणि पुढं काही नाही. व्हीएलसीत हार्डवेअर बंद केलं तर तिथं चौकोन विस्कटले, दोन सेकंद गेले, आणि पुढचं पूर्ण चित्र आल्यावर ओवाळणी नीट दिसायला लागली. सॉफ्टवेअरला तुटकं वाचून, सांधून पुढं जाता येतं. कोरलेल्या भागाला अशी तडजोड सहसा जमत नाही.

आणि ऑनलाइन मीटिंगमध्ये स्वतःचा साधा व्हिडिओ दाखवताना समोरच्यांना नुसती काळी चौकट दिसत असेल, तर तेवढ्यापुरतं बंद करून बघायला हरकत नाही.

लग्नाचं चित्रीकरण करणाऱ्यांसाठी

इथं थोडा जास्त वेळ थांबतो, कारण कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत हा व्यवसाय मोठा आहे आणि यात चुकीच्या ठिकाणी ओतलेला पैसा लाखांत असतो.

राजारामपुरीतल्या एका तरुण व्हिडिओग्राफरनं आरटीएक्स ३० मालिकेचं महाग कार्ड बसवून एडिटिंगचं मशीन बांधलं. कॅमेराही नवा. पहिलंच लग्न टाइमलाइनवर घेतलं तर अक्षतांचा प्रसंग धक्के खात चालायला लागला. त्याच्या भावाच्या अकराव्या पिढीच्या साध्या इंटेल लॅपटॉपवर तीच फाइल नीट चालत होती. त्याला वाटलं, कार्डच खराब निघालं.

कार्ड चांगलं होतं. कॅमेरा '१० बिट ४:२:२' मध्ये एचईव्हीसी चित्रीकरण करत होता. वर सांगितलं की रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एकदा पाठवतात, त्याला ४:२:० म्हणतात. ४:२:२ मध्ये ती दुप्पट, दर दोन ठिपक्यांना एकदा असते. नंतर रंग सुधारताना, नवरीच्या शालूचा किंवा हळदीचा रंग सांभाळताना ती उपयोगी पडते, म्हणून कॅमेरे ती देतात. पण बहुतेक चिपांमधले डिकोडर घरी बघायच्या व्हिडिओसाठी कोरलेले, म्हणजे ४:२:० चेच. इंटेलनं अकराव्या पिढीत एचईव्हीसीच्या १० बिट ४:२:२ ची सोय दिली होती. एनव्हिडियाकडं ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत आली. म्हणजे त्या महाग कार्डाला या फाइलीचं कांडप येतच नव्हतं, आणि सगळा भार सीपीयूवर पडत होता.

त्यानं नवं कार्ड घ्यायचं ठरवलं होतं. मी त्याला आधी प्रॉक्सी करायला सांगितलं. रात्री झोपताना मशीनला काम लावून द्यायचं, ते प्रत्येक फाइलीची हलकी प्रत बनवतं. कापाकापी त्या प्रतीवर करायची आणि शेवटी एक्स्पोर्टला मूळ फाइल आपोआप घेतली जाते. एडिटिंगच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असतेच. पुढं प्रोसेसर बदलायची वेळ आली तेव्हा त्यानं आत ग्राफिक्स असलेला इंटेल घेतला. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं त्यात आतलं ग्राफिक्स बंद असतं, आणि त्याबरोबर क्विक सिंकही जातं. दोन-तीन हजार वाचवायला एफ घेऊन फसलेले मी पाहिलेत.

सीसीटीव्हीवाल्यांचं थोडक्यात. गुजरीतल्या पेढीसारखी जागा असेल, सोळा कॅमेरे एका पडद्यावर, तर डिकोडर एकच आणि त्याच्यापुढं रांग सोळा जणांची. तिथं हार्डवेअर डिकोडिंग चालू हवंच, शिवाय छोट्या चौकटींत कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह न घेता 'सबस्ट्रीम', म्हणजे त्याचाच हलका दुय्यम प्रवाह घ्या. मोठं करून बघायच्या वेळी मुख्य प्रवाह.

लिनक्स वापरणाऱ्यांना जास्त खटपट पडते. तिथं व्हीए-एपीआय नावाच्या दुव्यातून हे काम होतं आणि प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी. फायरफॉक्सनं २०२३ मधल्या ११५ व्या आवृत्तीपासून इंटेल ग्राफिक्ससाठी ते आपोआप चालू केलं, म्हणून घरच्या इंटेल मशीनवर मी आधी फायरफॉक्सच लावून बघतो.

सीपीयूवर उलगडणं हा काही कमीपणा नाही. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरच्या पाचव्या आवृत्तीत एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडर काढूनच टाकला, कारण तिचा सीपीयू ते काम आरामात करतो. घरच्या डेस्कटॉपवर दमदार प्रोसेसर असेल आणि ४८० किंवा ७२० चा व्हिडिओ बघत असाल तर खटका कुठंही असला तरी तुम्हाला फरक कळणार नाही. फरक कळतो तो बॅटरीवर, जुन्या मशीनवर, ४के वर, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर चालणाऱ्या कॉम्प्युटरवर.

ज्या मशीनवर मी हा खटका बंद करतो तिच्या तळाला एक कागद चिकटवतो. कुठल्या प्रोग्राममध्ये बंद केला, कशामुळं, आणि तारीख. ड्रायव्हर सुधारला की दोष जातो, पण बंद केलेला खटका तसाच राहतो आणि वर्षभरानं कोणी म्हणतं, लॅपटॉप फार तापतोय, बदलायला झालाय. असा लॅपटॉप आला की मी आधी उलटा करून कागद बघतो.